रणभूमीची यात्रा आणि तिचें वाङ्मय

मराठींत किल्ल्यांच्या आणि रणभूमींच्या प्रवासवर्णनांचें पीक उदंड आहे. दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, सहलीच्या मार्गदर्शिका यांतून दरसाल असे लेख येतच असतात. लेखक सुटीच्या दिवशीं शहर सोडतो, एखादा पडका दरवाजा ओलांडतो, दोन अश्रु ढाळतो, एक जयघोष करतो आणि संध्याकाळच्या गाडीनें परत येतो. कादंबरीची चिकित्सा होते, कवितेची होते, नाटकाची तर प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशींच होते; परंतु या लेखनाकडे टीकाकार सहसा वळत नाहींत. तें हलकेंफुलकें, सुटींतलें म्हणून त्यास सोडून दिलें जातें. आमच्या मतें ही उपेक्षा बरी नव्हे. इतिहासाचे मूळ कागद वाचणारे थोडे, संशोधनाचे ग्रंथ विकत घेणारे त्याहून थोडे. पण सहलीला जाणारे हजारों आहेत, आणि मागील पिढ्यांच्या युद्धांविषयीं त्यांची जी समजूत होते ती बहुतांशीं याच लेखांनीं आणि किल्ल्याच्या दाराशीं लावलेल्या फलकांनीं बनते. म्हणून या वाङ्मयास कांहीं कसोटी लावतां येते कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक प्रदेश निश्चित करूं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर शिरसाडचा फाटा लागतो. तेथून वज्रेश्वरी-अंबाडीकडे वळणाऱ्या वाटेच्या मुलुखांत वसई तालुक्यांतील चांदीप हें गांव आहे. एका बाजूस तुंगारेश्वराचे डोंगर, पुढें तानसेचें खोरें, भातशेती आणि रान. शहरी मनुष्यास दोन दिवस मोकळा श्वास घ्यावयास असा मुलूख पुरेसा आहे. चांदीपचें आमच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें त्याच्या वाटेमुळें. येथून पूर्वेस गेलें कीं वज्रेश्वरीचें देऊळ व अकलोली-गणेशपुरीचीं उष्ण पाण्याचीं कुंडें. पश्चिमेस गेलें कीं वसईचा कोट आणि समुद्रांतला अर्नाळा. येथें उतरलेला प्रवासी दोन दिवसांत जें पाहतो तें सारें एकाच युद्धाच्या आठवणींनीं बांधलेलें आहे. मात्र त्याच्या हातांतला लेख त्यास ही गोष्ट क्वचितच सांगतो.

तें युद्ध थोडक्यांत असें. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें वर्षें त्यांचा उत्तर कोंकणांतील कारभार येथूनच चालला. १७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें, त्याच सुमारास अर्नाळा घेतला आणि साष्टींत पाय रोविला. पण वसई आली नाहीं. १७३९ च्या आरंभीं मोहिमेस दुसरा जोर चढला. माहीम, तारापूर हीं ठाणीं पडलीं. तारापुरावर बाजी भिवराव रेटरेकर कामास आले. फेब्रुवारींत चिमाजी आप्पांनीं खुद्द वसईस मोर्चे लाविले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. किल्ल्याच्या तीन अंगांस पाणी आणि दलदल, चौथें अंग तेवढें कोरडें. त्या अंगानें सुरुंग खणीत तटापर्यंत जावें लागलें. मे महिन्यांत सेबास्त्यांव बुरूज सुरुंगानें फुटला. कांहीं सुरुंग वेळेवर उडाले नाहींत आणि उशिरां उडालेल्यांनीं चढणाऱ्यांचाच घात केला. पोर्तुगीजांचा सेनापति सिल्व्हेरा दि मेनेझिस हा वेढ्यांतच पडला होता. त्याच्यामागून अधिकारावर आलेल्या कायतान द सोझा परेर यानें १६ मे १७३९ रोजीं तहाचीं कलमें मान्य केलीं, आणि २३ मे रोजीं शिबंदी वाद्यें वाजवीत, निशाणें घेऊन बाहेर पडली.

या तारखांविषयीं एक लहानसा खुलासा केला पाहिजे, कारण येथेंच आमच्या लेखकांची पहिली परीक्षा होते. कांहीं पुस्तकांत तहाची तारीख ५ मे अशी आढळते, कांहींत १६ मे. दोन्ही खऱ्या आहेत. पोर्तुगीज नवीन पंचांग पाळीत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनें पाळीत. दोहोंत अकरा दिवसांचें अंतर. ज्यानें ज्या कागदावरून उतरून घेतलें त्याची तारीख त्याप्रमाणें पडली. असें असतां एकाच लेखांत वेढ्याची एक तारीख या पंचांगाची आणि दुसरी त्या पंचांगाची येते, आणि लेखकास त्याचा पत्ताही नसतो. अकरा दिवसांनीं इतिहास बुडत नाहीं, हें खरें. परंतु मे महिन्याच्या कोंकणांत अकरा दिवसांस किंमत होती. पाऊस जवळ येत होता. पाऊस एकदां पडला म्हणजे सुरुंगांत पाणी, दारू ओली, खाड्या फुगलेल्या आणि फौजेस छावणी मोडण्यावांचून गति नाहीं. मेच्या मध्यावरची ती शर्थ कशासाठीं होती हें ज्यास समजावयाचें असेल त्यानें तारखेकडे आणि आभाळाकडे एकदमच पाहिलें पाहिजे.

आतां या लेखनाच्या दोषांकडे वळूं. पहिला दोष खोट्या वीररसाचा. वसईवरील लेख उघडावा तों चिमाजी आप्पांची एक दंतकथा हटकून समोर येते: किल्ला हातीं येत नसेल तर निदान मला तोफेच्या तोंडीं देऊन माझें मस्तक तरी आंत पडेल असें करा, असें ते सरदारांस म्हणाले. ही कथा लोकांच्या तोंडीं आहे आणि तिच्यांत त्या पुरुषाच्या निर्धाराची सावली आहे, यांत संशय नाहीं. आमची तक्रार कथेविरुद्ध नाहीं. या एका वाक्यावर लेखकाचें सगळें काम भागतें, ही आमची तक्रार आहे. तें वाक्य उच्चारलें कीं सुरुंग खणणारे बेलदार, शिड्या वाहणारे गडी, खाडीच्या तोंडावर गलबतें घेऊन बसलेले कोळी, उसनवारीनें आणलेली दारू, या कशाचेंच नांव घेण्याची जरूर उरत नाहीं. जणूं काय किल्ला एका उद्गारानें पडला!

आमच्या साहित्यशास्त्रानें वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे. आणि उत्साहास आलंबन हवें. तें आलंबन म्हणजे जिंकावयाचा प्रतिपक्ष. तो जितका समर्थ तितका रस गाढ. रामायणांत रावणाचें वैभव आणि विद्या वर्णिल्याखेरीज रामाचा पराक्रम उभा राहत नाहीं, हें आमच्या कवींस ठाऊक होतें. सहलीच्या लेखकास तें ठाऊक नसतें. तो फिरंग्यास भ्याड आणि ऐदी ठरवितो, आणि अशा भ्याडाचा कोट घेण्यास दोन वर्षें व इतकीं माणसें कां लागलीं याचें उत्तर देण्याचें टाळतो. ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत मराठ्यांनीं आपली हानि मृत व जखमी मिळून पांच हजारांवर मान्य केल्याचें नमूद आहे. ही संख्या लपविण्याची चिमाजी आप्पांच्या पक्षास गरज वाटली नाहीं. शत्रूस हलका लेखणारे आजचे लेखक नकळत त्या पांच हजारांसच हलकें लेखतात.

दुसरा दोष उसन्या करुणेचा. वडाच्या मुळ्यांनीं फोडलेल्या भिंती, कोनाड्यांतले पारवे, काळाचा महिमा, वैभवाची नश्वरता! हा परिच्छेद वसईसाठीं लिहिला तर जंजिऱ्यास चालतो, जंजिऱ्यासाठीं लिहिला तर चौलास चालतो. जी करुणा कोणत्याही ढिगाऱ्यावर बसते ती कोणत्याच ढिगाऱ्याची नसते. वसईच्या कोटांत फ्रान्सिस्कनांचें संत अंतोनीचें देऊळ, जेझुइटांचें देऊळ, डोमिनिकनांचें देऊळ असे वेगवेगळे अवशेष आहेत; त्यांच्या जमिनींत मेलेल्या माणसांचीं नांवें कोरलेल्या शिळा आहेत. जर्सन द कुन्हा या गोमंतकीय वैद्य-पंडितानें १८७६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्या शिळांवरचे लेख खपून वाचले. तो कालाच्या महिम्याविषयीं फार बोलत नाहीं. कोण कोठें पुरला आहे तें सांगतो. आणि खरी करुणा तेथेंच उत्पन्न होते. घर सोडून समुद्रापार आलेल्या माणसाचें नांव परक्या मातींतल्या दगडावर वाचतांना जें वाटतें, तें पारव्यांच्या घुमण्यानें वाटत नाहीं.

द कुन्हा यांच्या पलीकडे दुसरें साधन आमच्या भाषेंत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. त्यांतील सोळावा भाग वसईच्या मोहिमेचा. १९३७ सालीं, मोहिमेच्या आरंभास दोनशें वर्षें होत असतां, य. न. केळकर यांचें ‘वसईची मोहीम’ हें पुस्तक निघालें. आम्ही या कागदांचें नांव काढतों तें पांडित्य मिरविण्यासाठीं नव्हे. ज्यास रणभूमीविषयीं चांगलें मराठी गद्य कसें असतें हें शिकावयाचें असेल त्यानें मोहिमेवरील माणसांचींच पत्रें वाचावीं, असें आमचें म्हणणें आहे. त्यांत विशेषणांची गर्दी नसते; काय हवें, काय झालें आणि काय राहिलें इतकेंच असतें. लढणाऱ्यास शब्द फुगविण्यास सवड नव्हती. सवड आम्हांस आहे, आणि तिचा आम्ही दुरुपयोग करतों.

लिखित वाङ्मयाइतकेंच स्मारकांचेंही वाचन झालें पाहिजे. कारण स्मारक हेंही एक प्रकारचें लेखनच आहे. या युद्धाचीं स्मारकें कोणतीं? कोटांत चिमाजी आप्पांचा पुतळा आहे तें एक, आणि बहुतेक प्रवासी तेथेंच थांबतात. पण वज्रेश्वरीचें देऊळ हेंही त्याच युद्धाचें स्मारक. वसई सर झाल्यास देवीचें देऊळ बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनीं केला आणि पुढें तो फेडला गेला, अशी परंपरा आहे. कुंडांत स्नान करून पायऱ्या चढणाऱ्या भाविकांपैकीं किती जणांस हें ठाऊक असतें? अर्नाळ्याच्या दरवाजावरील शिलालेख हें तिसरें. त्यांत पाश्चात्यांचा नाश करून समुद्रांत जंजिरा बांधण्याची बाजीरावाची आज्ञा पद्यांत गोंविली आहे. आणि चौथें स्मारक वसईपासून फार दूर आहे. वसईच्या मोहिमेंत ख्रिस्ती देवळांतल्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर १७०७ सालची घंटा टांगलेली आहे, आणि नाशकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची. नाशकांत तर त्या घंटेची म्हण झाली. पण ती घंटा कोणाच्या सकाळीसांज वाजत असे हा विचार म्हण वापरणाऱ्यास शिवत नाहीं. आमच्या मतें वसईचें सर्वांत बोलकें स्मारक या घंटा होत. त्यांत विजय आहे आणि दुसऱ्या कोणाची तरी हानि आहे, आणि दोन्ही एकाच धातूंत ओतलेलीं आहेत.

या सर्व स्मारकांत एक उणीव मात्र समान आहे. पांच हजारांपैकीं एकाही साध्या शिपायाचें नांव कोठें कोरलेलें नाहीं. त्या काळीं तशी चाल नव्हती, हें आम्ही जाणतों. युरोपांतही साध्या शिपायाचें नांव दगडावर चढण्यास फार काळ जावा लागला. फ्रान्सांत न्यूव्ह-शापेल येथें १९२७ सालीं पहिल्या महायुद्धांतील हिंदी सैनिकांचें स्मारक उघडलें गेलें. त्यावर ४,७०० हून अधिक नांवें आहेत. परक्या राज्यासाठीं परक्या भूमीवर पडलेल्या आमच्या माणसांचीं नांवें तेथें वाचतां येतात. स्वतःच्या राज्यासाठीं वसईच्या चिखलांत पडलेल्यांचीं येत नाहींत. कोरेगांव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. तो स्तंभ कंपनी सरकारनें आपल्या विजयासाठीं उभारला. पण १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि पुढें लाखों लोक जाऊं लागले ते कंपनीचा विजय साजरा करण्यासाठीं नव्हे, तर त्या नांवांत आपले पूर्वज ओळखून. दगडावर नांव असलें म्हणजे असें होऊं शकतें. बांधणाऱ्याचा हेतु मागें पडतो आणि नांव आपलीं माणसें शोधून काढतें.

उलट, स्मारकानें रणभूमीच बुजते असेंही घडतें. वॉटर्लूची लढाई १८१५ सालीं झाली आणि त्याच उन्हाळ्यांत वॉल्टर स्कॉटसारखे प्रवासी तेथें जाऊं लागले. पुढें १८२६ पर्यंत तेथें सिंहाची मूर्ति बसविलेला प्रचंड ढिगारा उभारला गेला, आणि त्यासाठीं माती खणली ती रणभूमीचीच. ज्या उंचवट्यामुळें लढाईचा निकाल लागला तोच उंचवटा स्मारकाच्या पोटीं गेला! वसईंत ढिगारा कोणी रचला नाहीं. पण ज्या कोरड्या अंगानें मोर्चे लागले ती उत्तरेची जमीन आज घरांनीं, वाड्यांनीं आणि रस्त्यांनीं भरली आहे. वस्तीस कोणी दोष देऊं नये. जिवंतांस राहावयास जागा हवीच. परंतु जें डोळ्यांस दिसेनासें झालें तें शब्दांनीं दाखविणें हें लेखकाचें काम, आणि लेखक तर पुतळ्याखालीं छायाचित्र काढून परत फिरलेला असतो.

आणखी एक मौन आहे आणि तें अधिक दोषास्पद आहे. याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला आणि मराठ्यांच्या स्वातंत्र्यावर आपल्या हातानें पाणी सोडलें. मध्यंतरीं १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें हाच किल्ला घेतला होता आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो परत मिळाला होता. म्हणजे चिमाजी आप्पांच्या विजयापासून त्यांच्याच घराण्यांतील वंशजाच्या शरणागतीपर्यंत अवघीं त्रेसष्ट वर्षें. विजयाचा लेख दरसाल निघतो. तहाचा निघत नाहीं. ज्या कोटांत पूर्वजांनीं पांच हजार माणसें खर्चून प्रवेश केला त्याच गांवीं नातवंडांनीं सही करून स्वातंत्र्य गमावलें, या गोष्टीहून अधिक विचार करावयास लावणारें वसईंत दुसरें काय आहे? स्वतःच्या पराभवाकडे पाहूं न शकणारें वाङ्मय विजयाकडेही नीट पाहूं शकत नाहीं.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. वसईची रणभूमि ओसाड नाहीं. तिच्या भोवतीं आजही ख्रिस्ती समाज नांदतो. तो पोर्तुगालांतून आलेला नाहीं. याच मातींतला आहे. त्याच्या घरांत मराठीच्या बोली बोलल्या जातात, त्याच्या वाड्यांत याच खाडीचें वारें वाहतें. १५९७ सालीं जपानांत नागासाकीस हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे. १७३९ च्या तहांत येथें राहूं इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती, ही गोष्ट विजेत्यांच्या श्रेयाची असून विजयाच्या लेखांत ती सहसा गाळली जाते. त्याच समाजांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आतां ज्या लेखांत ‘आपण’ जिंकलों आणि ‘ते’ हरले एवढेंच असतें तो लेख वसईच्या ख्रिस्ती वाचकानें कोणत्या बाजूस बसून वाचावा? पडकीं देवळें त्याच्या पूर्वजांचीं, आणि ज्या भाषेंत त्यांच्या पाडावाचा जयघोष चालला आहे ती भाषाही त्याचीच. येथें पोर्तुगीज अंमलाच्या जुलमांवर पांघरूण घालावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तो जुलूम होता, त्याचीं गाऱ्हाणीं पुण्यास गेलीं, अंजूरच्या नाइकांसारखीं स्थानिक घराणीं त्यासाठीं झटलीं, आणि तें सारें स्पष्ट लिहिलें पाहिजे. पण फिरंगी सत्ता एक आणि वसईकर ख्रिस्ती शेजारी दुसरा, हा विवेक ज्याच्या लेखणीस नाहीं त्यानें रणभूमीवर लिहूं नये. दोनशें ऐंशीं वर्षांपूर्वीं संपलेलें युद्ध तो वाचकाच्या मनांत पुन्हां सुरू करतो, आणि तेंही ज्याच्याशीं नव्हतें त्याच्याशीं.

यावर कोणी म्हणेल, सुटीवर आलेल्या माणसास एवढें ओझें कशास? त्यानें कुंडांत पाय सोडून बसावें, कोटांत वारा खावा आणि घरीं जावें. आमचें त्यास अनुमोदन आहे. रणभूमीवर मुलें खेळलीं म्हणून तिचा अपमान होत नाहीं. किंबहुना पुढें कोणाचीं तरी मुलें तेथें निर्धास्त खेळावीं यासाठींच लढणारे लढले असतील. आमचा आक्षेप प्रवाशावर नाहीं, त्यास वाट दाखविणाऱ्यावर आहे. ज्यानें लेखणी हातीं धरली त्यानें चार गोष्टी कराव्या: जमीन आणि भरती-ओहोटी पाहून मग पराक्रम सांगावा, शत्रूस त्याचें माप पुरतें द्यावें, विजयाबरोबर तहही लिहावा, आणि लेख पुरा झाल्यावर तो पापडीच्या किंवा नंदाखालच्या एखाद्या शेजाऱ्यास मोठ्यानें वाचून दाखवितां येईल कीं नाहीं हें स्वतःस विचारावें. चांदीपच्या वाटेनें दोन दिवसांसाठीं येणाऱ्या वाचकाच्या हातीं असा एक लेख पडला तरी त्याचें पुष्कळ काम होईल. वज्रेश्वरीच्या पायऱ्या, अर्नाळ्याचा दगड, वसईचा फुटका तट आणि मेणवलीची घंटा हीं त्यास एकाच गोष्टीचीं पानें म्हणून वाचतां येतील. आणि ती गोष्ट कोणा एकाची नसून या किनाऱ्यावर राहणाऱ्या सर्वांची आहे, हेंही त्यास कळेल.